रिकामी खुंटी

स्वयंपाकघरातल्या नळावर हात ठेवून बाबांनी विचारले, "खाली कोणी आहे का?"

ती भाजी चिरत होती. तिला वाटले, थट्टा चालली आहे. बाबांची थट्टा तशीच असे. चेहरा सरळ ठेवायचा आणि वाक्य संपले की एक भुवई जराशी वर न्यायची. "खाली फक्त पातेलं आहे," ती म्हणाली. पण भुवई वर गेली नाही. ते नळावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मान किंचित कललेली, लांबून येणाऱ्या उत्तराची वाट पाहावी तशी. तिच्या हातातली सुरी थांबली.

"कोणी नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. तेव्हा त्यांनी नळ उघडला.

बाबा नदीवरच्या बंधाऱ्याचे दार चालवत. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी त्या दाराच्या लोखंडी चाकापाशी काढली होती. दार उचलण्याआधी खालच्या पात्रात माणूस नाही याची खात्री करायची, हा त्या कामाचा पहिला नियम. आणि बाबांच्या मते शेवटचाही, कारण बाकीचे नियम मोडले तर कागद खराब होतात, हा मोडला तर माणूस जातो. तो प्रश्न आता घरात आला होता. त्या दिवसापासून रोज सकाळी ते नळाशी थांबत, विचारत, आणि तिने उत्तर दिल्याशिवाय पाणी सोडत नसत.

हे ठाऊक होते ते तिला एकटीला. आई धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती आणि घरात दोघेच होते. एका संध्याकाळी बाबांनी आपले बूट शेजाऱ्यांच्या दाराशी नीट जोडून ठेवले आणि घरी अनवाणी आले. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"पोरी, मी कामावर पोचलो का गं?"

"बोलताय कुठून?"

"चाकघरातून."

"मग पोचलात की."

"बरं झालं. उशीर झाला असता," ते म्हणाले आणि हसले. तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

तिने कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर दुसऱ्याच दिवशी ते चाक त्यांच्या हातून गेले असते, आणि चाकाशिवायच्या बाबांची कल्पना तिला करवत नव्हती. शिवाय चाकापाशी ते चुकत नसत. हे ती स्वतःला पुनःपुन्हा सांगे, आणि तोवर ते खरेही होते. त्यांच्याबरोबर जोडीदार म्हणून आणखी एक माणूस असे, चाळिशीचा, काटेकोर. दार उचलण्याआधी त्याने बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालत जाऊन पात्र डोळ्यांनी पाहायचे, भोंगा वाजवायचा, आणि मगच बाबांनी चाकाला हात घालायचा. दोन माणसे असताना एकाच्या विसरण्याने काय बिघडणार, असा तिचा हिशेब होता.

तिचे स्वतःचे काम त्याच बंधाऱ्याच्या पायथ्याशी होते. ती माशांच्या संशोधन केंद्रात होती, आणि गेली काही वर्षे एकाच माशाच्या मागे होती. सिक्लिड कुळातला, बोटाएवढा, राखाडी रंगाचा मासा. कल्ल्यामागे काळा ठिपका, म्हणून केंद्रात सगळे त्याला ठिपकी म्हणत. बंधाऱ्याखालच्या खडकाळ, खळाळत्या पट्ट्यात तो राही; वर खाली पुष्कळ शोधूनही तो त्यांना दुसरीकडे कुठे सापडला नव्हता. धावत्या पाण्यात राहून राहून तो नीट पोहणे विसरल्यासारखा झाला होता. तळाला पोट टेकून या दगडावरून त्या दगडावर टुणटुण उड्या मारी. नर दगडाखालची वाळू तोंडाने उपसून घर करी, मादी त्या घराच्या छताला अंडी चिकटवी, आणि पुढे दोघे मिळून पिल्ले सांभाळत. मादी कुजलेले पान चावून त्याचा चोथा पिल्लांसमोर सोडी. धोका दिसला की ती अंगाला एक झटका देई, आणि सगळी पिल्ले जिथे असतील तिथे तळाला बसत. पळत नसत. वाळूच्या कणांसारखी निश्चल पडून राहत, आईने पुन्हा इशारा करेपर्यंत. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यापुढे हे चांगले होते. दुसऱ्या कशापुढे ते चांगले आहे की नाही, याचा तिने विचार केला नव्हता.

बंधाऱ्याजवळ वीजघर होते आणि तिथे दारातून सुटणाऱ्या पाण्यावर चालणारे नवे यंत्र बसले होते. ते सुरू झाले की दार पूर्ण दिवस बंद ठेवता येणार नव्हते. मग खालचे पात्र कधीच उघडे पडणार नव्हते आणि पाणी इतक्या जोराने येणार होते की ठिपकीची घरे टिकणे अवघड. म्हणून जमतील तितक्या जोड्या पिल्लांसकट उचलून वरच्या एका ओढ्यात नेऊन सोडायच्या होत्या. पिल्ले एकटी नेऊन उपयोग नव्हता. आईबापांवाचून ती तगत नसत. वीजघराने त्यासाठी शेवटचा एक दिवस दिला होता. दुसरा मिळणार नव्हता.

त्या दिवशी सकाळी जोडीदाराच्या बायकोचा फोन आला. रात्रभर उलट्या आणि ताप. उठताही येत नाही. बाबा अंघोळीला गेले होते, म्हणून फोन तिनेच घेतला.

ते टॉवेलने डोके पुसत बाहेर आले तेव्हा तिने सांगितले.

"येऊ दे ताप. चाक काय तो फुंकर मारून फिरवतो? माझ्याच हातांनी फिरतं."

"बाबा, मी फोन केल्याशिवाय दार उचलायचं नाही. मी आणि सर पात्रातून वर आलो की मी फोन करीन."

"तू मला दार शिकवणार? तू रांगत होतीस तेव्हा त्या चाकाला धरून उभी राहिलीस, विसरलीस का?"

"नाही विसरले."

"मग झालं," ते म्हणाले. विसरण्यावरून त्या घरात आता थट्टा होऊ शकत नव्हती.

केंद्रातून तिच्याबरोबर यायचे होते ते सर. एके काळी त्यांनी तिला शिकवले होते आणि आता तिच्याच हाताखाली काम केल्यासारखे वागत. डोक्यावर केस नाहीत, एक गुडघा दुखरा, आणि माशांशी बोलण्याची सवय. बंधाऱ्याच्या पायऱ्यांशी त्यांनी जोडीदाराचे ऐकले आणि थांबले.

"दारावर दोन माणसं लागतात ना गं? नियम आहे."

"बाबा आहेत."

"ते आहेत म्हणजे चार आहेत म्हणा," सर म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले.

तिथे बोलता आले असते. जिभेवर आलेही होते. पण वर चाकघराच्या दारात बाबा उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि तिच्याकडे पाहून हात हलवत होते.

चाकघर म्हणजे बंधाऱ्याच्या माथ्यावरची एक लहानशी खोली. मधोमध चाक, भिंतीला टेलिफोन, एक खुर्ची, बाबांची शिवणाची पेटी. हातपंप दुरुस्त करावा इतक्या गंभीरपणे ते फाटके कपडे दुरुस्त करत. खिडकी होती ती अडवलेल्या पाण्याच्या बाजूला. खालचे पात्र खोलीतून दिसत नसे. चाकासमोरच्या भिंतीवर पितळी खुंट्यांची एक ओळ होती. तो रिवाज बाबांनीच घालून दिला होता. पात्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने आपली एखादी वस्तू त्या खुंटीला अडकवायची. अशी वस्तू, की जिच्याशिवाय माणूस घरी जाणार नाही. वर आला की त्याने ती स्वतःच्या हाताने काढायची. ओळ रिकामी दिसली तर नदी रिकामी. तोंडी निरोप विसरतात, चिठ्ठ्या उडतात, पण कोट टांगलेला दिसतोच, असे ते म्हणत.

तिने आपले जाकीट अडकवले. सरांनी टोपी अडकवली.

"डोक्याची शोभा ठेवून चाललोय," सर म्हणाले. "सांभाळा."

"शोभा आहे का ती? मला वाटलं झाकण आहे," बाबा म्हणाले, आणि भुवई बरोबर वेळेवर वर गेली. तिला हायसे वाटले. आजचा दिवस चांगला आहे, तिने मनाशी म्हटले.

भिंतीतल्या लोखंडी शिडीने ते खाली उतरले. शिडीच्या पायाशी नदीची मुख्य धार होती; दार बंद असल्यामुळे तिथे आता घोट्याएवढे पाणी. पण खळगी तिथेच सर्वांत खोल होती, आणि दार उघडले की पाणी पहिले तिथेच भरे. ती ओलांडून पलीकडच्या खडकांवर जायचे, जिथे ठिपकीची घरे होती. परतायचा रस्ताही तोच एक. पलीकडचा काठ म्हणजे सरळ तुटलेला कडा.

काम हळूहळू चालले. तळाला काच बसवलेली बादली पाण्यावर टेकवून आत पाहायचे, दगडाखालचे घर शोधायचे, नर आणि मादी जाळीत घ्यायची, मग रबरी नळीने पिल्ले अलगद ओढून घ्यायची. दोन मोठ्या बादल्या होत्या. ऊन चढले तसे सर कपाळ पुसू लागले, आणि थोड्या वेळाने उठलेच.

"टोपी घेऊन येतो. टाळू भाजली."

"सर, टोपी खुंटीला आहे."

"तुझं जाकीट आहे ना तिथं? आपण दोघं काही वेगळ्या गावाला नाही. एक पुरे."

तिने मान वर केली. 'नको' म्हणायचे होते. पण तितक्यात काचेखाली एक मादी आपल्या पिल्लांसमोर पान सोडत होती, आणि ते सोडून वाद घालणे तिच्याने झाले नाही. सर गेले आणि टोपी घालून आले. "तुझे बाबा खुर्चीवर बसून सुईत दोरा ओवतायत," ते म्हणाले. "पहिल्या खेपेला ओवला. माझ्याने चार वर्षांत ओवला गेला नाही."

तिला ते ऐकून बरेच वाटले. दोरा कशासाठी, हे तिच्या मनात आले नाही.

पहिली बादली भरली. सर ती ठेवायला बाजूच्या मोठ्या खडकावर गेले. ती शेवटच्या घरापाशी गुडघ्यांवर बसली. नर जाळीत आला होता, मादी अजून बाहेर होती, आणि पिल्ले घरासमोर पसरून चरत होती, तपकिरी धुळीसारखी. ती जाळी पुढे करणार तोच मादीने अंगाला झटका दिला.

पिल्ले बसली. सगळी, एकदम.

आपल्या हाताची सावली पडली असेल म्हणून तिने हात मागे घेतला. मादी उठली नाही. तिने वर पाहिले. आकाशात पक्षी नव्हता. पुन्हा काचेतून पाहिले तेव्हा पाण्यातून एक बारीक, दुधाळ रेघ सरकत येत होती. कुठूनतरी गाळ हलला होता. मग तिला आपल्या गुडघ्याजवळचा दगड दिसला. आताच तो वरून कोरडा होता, पांढुरका. त्याच्या कडेने ओलीचा एक काळा काठ चढत होता.

भोंगा वाजला नव्हता. आवाज कसलाच नव्हता. फक्त तो काळा काठ वर येत होता.

आपण आता उठले पाहिजे, हे तिला कळत होते. पण ती उठली नाही. तिचे हात बादलीच्या कडेवर होते तसेच राहिले. काचेखाली पिल्ले निश्चल होती आणि वर ती निश्चल होती. आणि या सगळ्यात एक विचित्र विचार आला की आपण हललो नाही तर कदाचित हे खरे होणार नाही. गेले काही महिने ती घरात हेच करत आली होती.

पाणी तिच्या मांडीला लागले. गार. तिने गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटातून फोन ओढून काढला.

"सर! बादली ठेवा. चला!"

"अगं, जोड्या आहेत..."

"दार उघडलंय!"

सरांनी बंधाऱ्याकडे पाहिले. दाराखाली पांढरी पट्टी दिसत होती, आणि ती रुंद होत होती.

चाकघराची घंटी वाजत राहिली. चाकाची खरखर चालू असताना बाबांना ती ऐकू येणार नाही, हे तिला आठवले. मग फोन उचलला गेला.

"चाकघर."

"बाबा, दार बंद करा."

"कोण बोलतंय?"

"मी. बाबा, मी खाली आहे. दार बंद करा."

"खाली कोणी नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "खुंट्या रिकाम्या आहेत. मी बघितल्या."

"माझं जाकीट आहे खुंटीला."

"नाही. रिकाम्या आहेत." मग आवाज मऊ झाला, घरातला झाला. "पोरी, तू कशाला घाबरतेस? तू घरी आहेस ना? भाजी झाली का?"

धारेत आता आवाज आला होता, दगडावर दगड घासल्यासारखा. सर तिच्याकडे येत होते, एक पाय ओढत, बादली छातीशी धरून. तिला रडू फुटणार होते आणि तिला कळत होते की रडून उपयोग नाही. लेकीने कितीही हाका मारल्या तरी फोनवरच्या त्या माणसापर्यंत त्या पोचणार नव्हत्या. त्याची लेक घरी सुखरूप होती. तिने श्वास घेतला आणि जोडीदार बोलत असे तसे, सपाट आवाजात, शब्द तोडून म्हटले,

"खाली माणूस. दार खाली."



"खाली माणूस," बाबांचा आवाज आला, वेगळाच, ताठ. "दार खाली." रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज झाला, आणि त्यामागून चाकाची खरखर, उलटी.

दार बंद होऊ लागले तरी सुटलेले पाणी सुटलेलेच होते. ते दोघे धारेशी पोचले तेव्हा घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी कमरेएवढे तपकिरी पाणी वाहत होते आणि शिडी पलीकडे होती.

"थांबू या का खडकावर? उतरेल," सर म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"दार पुन्हा उघडलं तर?"

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिने असे का म्हणावे, हे त्यांना कळले नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे होते ते कळले. त्यांनी टोपी दातांत धरली, एका हाताने बादली उचलली, दुसरा तिच्या हातात दिला. पाण्यात पाऊल टाकताच तळाचा दगड सरकला. येताना तिने उचललेली दुसरी, भरत आलेली बादली हातातून सुटली, एकदा कलली, आणि राखाडी बोटांसारखे काही तपकिरी पाण्यात दिसून गेले. मध्यावर सरांचा गुडघा मुडपला. ते हनुवटीपर्यंत खाली गेले. तिने त्यांना सदऱ्याच्या कॉलरला धरून ओढले, इतक्या जोराने की कॉलर फाटल्याचा आवाज तिला पाण्यातही ऐकू आला. मग शिडीचे गार लोखंड तिच्या तळहातात आले आणि ती ते सोडेना. सर चढून गेल्यावरही ती खालच्या पायरीला चिकटून राहिली. तिला वर चाकघरात जायची भीती वाटत होती, खालच्या पाण्यापेक्षा जास्त.

बाबा खुर्चीवर बसले होते. दार पूर्ण खाली गेले होते. रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. त्यांच्या मांडीवर तिचे जाकीट होते आणि त्यात सुई टोचलेली.

"बटण लोंबत होतं," ते म्हणाले. "म्हटलं, तू वर येईपर्यंत लावून ठेवतो."

तिने खुंट्यांकडे पाहिले. पितळ चकाकत होते. ओळ रिकामी.

"वीजघराचा फोन आला. म्हणाले, झालं असेल तर उघडा. मी विचारलं, खाली कोणी आहे का. ते म्हणाले, ते तुम्हीच बघायचं. म्हणून मी बघितलं." त्यांनी खुंट्यांकडे बोट केले. मग ते बोट तिच्या ओल्या कपड्यांकडे, सरांच्या फाटक्या कॉलरकडे, जमिनीवर साचत चाललेल्या पाण्याकडे वळले, आणि हवेतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेले ते तिला पाहवले नाही. "मीच काढलं ना ते," बाबा म्हणाले. "माझ्याच हातांनी काढलं."

सरांनी बादली कोपऱ्यात ठेवली आणि तिच्याशेजारी भुईवर बसले. मग ते हलक्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असे म्हणाले, "टोपी मी काढली होती. चूक माझीही आहे. मी कुठं बोलणार नाही."

तिने लोंबकळता रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवताक्षणी घंटी वाजली.

"दार खाली का टाकलं? यंत्र चालू करायचं होतं," वीजघरातला माणूस म्हणाला.

"खाली माणसं होती."

"मग उघडलं कसं?"

सर तिच्याकडे पाहत होते आणि अगदी बारीक मान हलवत होते, नको म्हणून. बाबांनी सुई पुन्हा हातात घेतली होती, पण टाका घालत नव्हते. एक वाक्य तयार होते: जोडीदार आजारी, घोटाळा झाला, पुन्हा होणार नाही. त्या वाक्याने सगळे होते तसे राहिले असते. उद्या सकाळी नळाशी बाबा, आणि त्यानंतर चाकाशी बाबा. आणि खाली कोणीतरी. ती नसेल कदाचित. दुसऱ्याच कोणाची तरी लेक.

"आज दारावर एकच माणूस होता," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते, म्हणून ती हळू बोलली. "माझे वडील. त्यांना हल्ली आठवत नाही. मला ठाऊक होतं, मी सांगितलं नव्हतं. दुसरा माणूस पाठवा. तो येईपर्यंत दार उचललं जाणार नाही."

पलीकडचा माणूस काहीतरी विचारत राहिला. तिने फोन ठेवला. पाठ बाबांकडेच होती, आणि ती वळवायला तिला धीर होत नव्हता.

मागे दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला. दातांनी तोडला होता. मग खुर्ची सरकली. बाबा उठले, तिच्या बाजूने जाऊन खुंटीपाशी थांबले आणि त्यांनी जाकीट अडकवले, खांदे सरळ करून, बटण लावून.

"बाबा..."

"घालू नकोस ते," बाबा म्हणाले. "तुला थंडी वाजतेय, मला दिसतंय. पण ते तिथंच असू दे. तो माणूस येईपर्यंत."

"आम्ही वर आलोय, बाबा."

"आता आलाय. थोड्या वेळाने मला ते ठाऊक असेल का?" त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही, ते चाकाकडे पाहत होते, अनोळखी कुत्र्याकडे पाहावे तसे. "ते दिसलं की मी दाराला हात लावत नाही. एवढं अजून राहिलंय."

त्यांनी खुर्ची उचलली, चाकाकडे पाठ करून खुंटीसमोर ठेवली, आणि हात मांडीखाली दाबून बसले.

सरांनी बादलीवरचे फडके दूर केले. माद्या तळाशी होत्या, नर त्यांच्या बाजूला, आणि भोवती पिल्ले, वाळूचे कण असावेत तशी. "अजून बसलेलीच आहेत," सर पुटपुटले. "हलत नाहीत."

ती भिंतीला टेकून भुईवर बसली, ओली, गुडघे छातीशी घेऊन. जाकीट हाताच्या अंतरावर होते. बाबा मधूनमधून त्याच्याकडे पाहत, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे त्यांचे खांदे ताठ होत. बाहेर बंधाऱ्याच्या माथ्यावर अजून कोणाची पावले वाजत नव्हती.

"खाली कोणी आहे का?" त्यांनी एकदा विचारले.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "आहे."